गाठ पुढं, डबा मागं

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या चुलतीचं नाव घेतो. आई-वडील दोघंही आहेत आणि त्यांना याचा राग येत नाही. आम्ही चुलतीला काकू म्हणतो. काकू चौथी शिकलेल्या. ईट गावाच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला आमची पाच-सहा घरांची वस्ती आहे. तिथं त्यांनी शेळ्या राखल्या, शेत केलं आणि दर उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीत वस्तीवरच्या प्रत्येक पोराला आणि पोरीला पोहायला शिकवलं. पोरीला हा शब्द मी चुकून लिहिलेला नाही. शेजारच्या गावात पोरी विहिरीच्या काठावर बसून भावांचे कपडे सांभाळायच्या, तेव्हा आमच्या बहिणी कठड्यावरून उड्या मारत होत्या.

गेल्या हिवाळ्यात मी एका दिवसात डोंगर चढलो, सायकलवरून घाट उतरलो आणि होडी वल्हवत धरणाचं पाणी ओलांडलं. शेवटून चौथा आलो. नंबराचं मला काही वाटत नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी मी त्याच पाण्याच्या काठावर काकूंना नाकारलं होतं, ते लिहायचं राहिलंय.

आधी एक जुनी गोष्ट. बारावी झाल्यावर मला परंड्याला बी.ए.ला नाव घालायचं होतं. आमच्या घरात कॉलेजचा उंबरा कुणी ओलांडलेला नव्हता आणि वडिलांना टेबलामागं बसलेल्या माणसाची भीती वाटायची. काकू म्हणाल्या, "चल, म्या येते." एसटीनं आम्ही गेलो. फॉर्मवर पालकाच्या सहीची जागा होती. कारकुनानं विचारलं, "तुम्ही आई का?"

काकू म्हणाल्या, "चुलती. चालत न्हाय का?"

त्या सुरात असं काही होतं की कारकुनानं मुकाट्यानं पेन पुढं केलं. काकूंनी एकेक अक्षर कोरून सही केली. आडनावाला जागा पुरली नाही, ते रेघ ओलांडून शेजारच्या रकान्यात गेलं. कारकून म्हणाला, "बाहेर गेली." काकू म्हणाल्या, "जाऊ दे. वाचाय येतीया न्हवं?" त्या सहीवर मी पदवीधर झालो. आज कळंबला एका शाळेत भूगोल शिकवतो.

आता काकूंची पोहायला शिकवायची पद्धत. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा, झाकण घट्ट लावलेला, पोराच्या पाठीवर बांधायचा. सुती दोर खांद्यांवरून आणि काखेतून घेऊन गाठ छातीवर मारायची. "गाठ पुढं, डबा मागं," हे त्या प्रत्येक पोराकडून म्हणवून घ्यायच्या. गाठ पुढं असली की ती पोराला दिसते आणि भीती जाते, आणि ओली सुती गाठ पोराला सुटत नाही. मग काकू काष्टा आवळून स्वतः पाण्यात उतरायच्या आणि एक हात पोराच्या पोटाखाली धरायच्या. चार-आठ दिवसांनी डबा लहान व्हायचा. शेवटच्या दिवशी त्या न सांगता झाकण ढिलं करून ठेवायच्या. पोरगं विहिरीला दोन चकरा मारून यायचं, पायरीवर चढताना पाठ जड लागायची, बघतं तर डबा पाण्यानं भरलेला. "कवाचा भरलाय त्यो," काकू म्हणायच्या. "तुझं तूच पवत हुतास."

शाळेत लागलो त्याच्या पुढच्या वर्षी मोबाईलवर एक जाहिरात आली. शहरातलं एक हौशी मंडळ आमच्या भागात एक दिवसाची मोहीम घेणार होतं. बालाघाटाचा एक कडा चालत चढायचा, तिथून सायकलनं कच्च्या वाटेनं धरणापर्यंत यायचं आणि शेवटी कयाकमधून पाणी ओलांडायचं. कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी. पाय पुढं पसरून बसायचं आणि दोन तोंडांचं वल्हं आलटून-पालटून मारायचं. मी फोन लावला.

पलीकडचा माणूस म्हणाला, "तुम्ही स्थानिक ना? मग तुमचं नाव स्वयंसेवकांत घालतो. होड्या उचलायला माणसं हवीच आहेत. टी-शर्ट मिळेल."

"मला भाग घ्यायचाय."

"अहो, पण घाटाची सवय आहे का?"

"माझं घर घाटात आहे," मी म्हणालो.

शेवटी त्यानं नाव घेतलं. शाळेतल्या स्टाफरूममध्ये वेगळीच तऱ्हा. एक जुने सर म्हणाले, "आमचं आयुष्य त्या डोंगरातून खाली यायला गेलं आणि हे परत वर निघालं. सर, नोकरी लागली, आता पोरगी बघा, डोंगर काय बघताय?" सगळे हसले. मीही हसलो, पण तयारी सोडली नाही. डोंगर आमचा, पाणी आमच्या भागातलं, आणि त्यात हौसेनं फिरायचं काम मात्र बाहेरच्यांनी करायचं, हे मला पटत नव्हतं. आजही पटत नाही.

सामान आपापलं आणायचं होतं, होडी तेवढी त्यांची. मी शनिवारी शाळा सुटली की वस्तीवर जायचो आणि काकूंच्या ओट्यावर बसून एकेक वस्तू तयार करायचो. दिवाळीनंतर आमच्या माळावरचं गवत वाळतं आणि त्याला कुसळं धरतात. ती बुटाच्या जाळीतून आत शिरतात, मोज्यात अडकतात आणि पावलागणिक टोचतात. काकूंनी मोडक्या छत्रीचं काळं कापड काढलं आणि त्याचे घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे दोन पट्टे हातानं शिवून दिले. छत्रीचं कापड गुळगुळीत, त्यावर कुसळ टिकत नाही. सायकल जाड टायरची, जुनी घेतलेली. वेड्या बाभळीचा काटा टायरमधून सरळ ट्यूबमध्ये जातो, म्हणून जुनी ट्यूब उभी फाडून टायरच्या आत अस्तरासारखी बसवली. ब्रेकचे रबर नवे घातले. चेनला तेल कमीच ठेवलं, जास्त झालं की धूळ धरते.

राहिलं लाइफ जॅकेट. ते तिथं भाड्यानं मिळणार होतं, पण मला माझंच न्यायचं होतं. मी ताडपत्रीची बंडी शिवली, पाठीवर चार कप्पे केले आणि त्यात झाकणं घट्ट लावलेल्या चार रिकाम्या बाटल्या बसवल्या. पुढं पट्टे आणि गाठ. दुसरं काही सुचलंच नाही. डबा पाठीवर असतो हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. काकूंनी पट्टे ओढून बघितले आणि म्हणाल्या, "गाठ पुढं, डबा मागं. बरूबर हाय." विहिरीत उतरून बघितलं, झकास तरंगलो.

मोहिमेच्या आदल्या दिवशी धरणाच्या काठावर सामानाची तपासणी होती. तपासणाऱ्या बाई पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझी सायकल उचलून चाक फिरवलं, टायरचं अस्तर बोटानं चाचपलं आणि म्हणाल्या, "हे चांगलंय." छत्रीच्या पट्ट्यांचा त्यांनी फोटो घेतला. मला आभाळ ठेंगणं झालं. मग त्यांनी मला बंडी घालून होडीत बसवलं, काठाजवळच होडी उलटवायला लावली आणि म्हणाल्या, "आता हातपाय हलवायचे नाहीत. तुम्ही बेशुद्ध आहात असं समजा. मी दहा आकडे मोजते."

मी अंग सैल सोडलं. बाटल्या पाठीवर होत्या, त्या वर आल्या. मी पालथा झालो आणि माझं तोंड पाण्यात गेलं. तोंड वर काढायचं तर हातपाय हलवावे लागणार होते आणि ते करायचं नव्हतं. पाण्याखालून मला त्यांचे आकडे अस्पष्ट ऐकू येत होते. दहा झाल्यावर त्यांनी स्वतः येऊन मला उताणं केलं.

"पोहता उत्तम येतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण बेशुद्ध माणसाला पोहता येत नाही. याच्यात तुम्ही गेला असता."

काठावर भाग घेणारे दहा-बाराजण उभे होते. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "टिपिकल गावठी काम आहे." दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "डबा असा मागं बांधायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

सरळ प्रश्न होता. त्यात टोमणा नव्हता. उत्तर माझ्या ओठांवर होतं.

मी म्हणालो, "नेटवर बघितलं होतं."

बाईंचा निकाल रास्त होता आणि तो मी तेव्हाही मानला. चालणं आणि सायकल करा, उद्या पाण्यात उतरू नका, असं त्या म्हणाल्या. मीच त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

दुसऱ्या दिवशी मी चाललो. कड्यावरच्या माळात तो गावठी म्हणणारा माणूस दगडावर बसून मोज्यातली कुसळं उपटत होता. महागडे बूट बाजूला काढून ठेवलेले. मी त्याच्या समोरून गेलो, माझ्या पायांवर मोडकी छत्री होती. "थांबा ना जरा, हे कसं काढतात?" त्यानं विचारलं. मी थांबलो आणि काढून दिली. वस्तीवरून आलेल्या माणसानं कुसळ काढून द्यायचं नाही, असं कुठं असतं? सायकलच्या वाटेवर बाभळीच्या पट्ट्यात बरेच जण पंक्चर झाले, माझी हवा शेवटपर्यंत टिकली. धरणावर पोचलो तेव्हा माझ्यापुढं मोजकीच माणसं होती. तिथं माझं संपलं. स्वयंसेवकाचा टी-शर्ट घातलेल्या एका माणसानं विचारलं, "आता रिकामेच आहात तर होड्यांना हात लावता का?"

"नाही," मी म्हणालो. धरणाच्या दगडांवर बसून मी काकूंनी बांधून दिलेले धपाटे खाल्ले आणि बाकीचे पाणी ओलांडताना बघत बसलो.

घरी गेल्यावर काकूंनी विचारलं, "बसलास का रं होडीत?"

"वारं सुटलं, काकू. होडीचं रद्द केलं त्यांनी."

हे दुसरं खोटं.

होळीच्या सुमाराला मी नवी बंडी शिवली. या वेळी नीट वाचून, विचारून. हवेचा भाग सगळा छातीवर आणि मानेमागं एक जाड कॉलर. विहिरीत तपासायला गेलो तेव्हा काकू कठड्यावर बसल्या होत्या.

"आरं येड्या, डबा पुढं? तोंडावर यील की त्यो!"

मी पाण्यात उतरून अंग सैल सोडलं. बंडीनं मला अलगद उताणं केलं. नाकातोंडात थेंब गेला नाही. विहिरीच्या गोल तोंडातून आभाळ दिसत होतं आणि कडेला काकूंचं डोकं.

"हे असं का केलंस?" त्यांनी वरून विचारलं.

मी ऐटीत होतो. बंडी जमली होती. मी म्हणालो, "मागं डबा असला की माणूस मरतो, काकू. शिकलेली माणसं सांगतात."

मी वर आलो, कपडे पिळले. बऱ्याच वेळानं काकू म्हणाल्या, "म्हंजी म्या इतक्या लेकरास्नी..." आणि तिथंच थांबल्या. मी बंडीचे पट्टे बघत होतो. थकल्या असतील, असं मला वाटलं.

मे महिन्यात माझ्या भावाची पोरगी आठ वर्षांची झाली. आमच्याकडं पोहायला शिकायचं हेच वय. मी आईला फोनवर विचारलं, "शिकली का पवायला?"

"कुठलं काय," आई म्हणाली. "तुझ्या काकूंनी डबे माळ्यावर टाकलेत. विहिरीच्या वाटंला बाभळीच्या काट्यांची शिरी आडवी लावलीया. कुणाला जाऊ दिना झाल्यात. काय इचारलं तर म्हणत्यात, आमाला काय कळतंय, आमी आडाणी."

काकूंच्या तोंडून अडाणी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो माझ्याकडून तिथवर गेला होता. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीत एकही पोर उतरलं नाही.

त्यानंतर मी वस्तीवर गेलो, पण तोंड उघडलं नाही. घरात माणसं असायची, काकू शेळ्यांमागं असायच्या. आणि खरं सांगायचं तर धीर होत नव्हता. दिवाळीनंतर पुढच्या मोहिमेचा अर्ज आला. त्यात या वेळी एक नवा रकाना होता: पोहण्याच्या प्रशिक्षकाचं नाव, पात्रता आणि सही. मी पेन घेतलं आणि काकूंचं नाव लिहिलं. मग मंडळाच्या त्याच माणसाला फोन करून सांगितलं.

"सर, त्यांच्याकडं प्रमाणपत्र आहे का?"

"अर्जात पात्रता लिहिलंय. प्रमाणपत्र लिहिलेलं नाही."

"अहो, पण या तुमच्या कोण?"

"चुलती," मी म्हणालो. "चालत नाही का?"

तो म्हणाला, "सही घेऊन पाठवा. मॅडमना विचारतो."

सही घ्यायची तर आधी सगळं कबूल करायला हवं होतं. त्या रात्री मी हे पत्र लिहिलं आणि सकाळी अर्जासोबत पोस्टात टाकलं.

*

काकू, पाया पडतो.

चष्मा सापडला नाही तरी वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. आधी एकटीनं वाचा. मग कुणालाही वाचून दाखवा, माझी हरकत नाही.

मी दोन वेळा खोटं बोललो. धरणावर वारं सुटलं नव्हतं. माझी बंडी चुकली म्हणून मला पाण्यात उतरू दिलं नाही. तिथल्या बाईंनी विचारलं, हे कुणी शिकवलं. माणसं हसत होती, म्हणून मी तुमचं नाव घेतलं नाही. मोबाईलवर बघितलं म्हणालो. परंड्याच्या कॉलेजात तुम्ही माझ्यासाठी टेबलासमोर उभ्या राहिलात. मला तुमच्यासाठी उभं राहता आलं नाही.

तिसरी गोष्ट याहून वाईट. मागं डबा असला की माणूस मरतो, असं मी विहिरीत म्हणालो. ते अर्धंच खरं आहे आणि उरलेलं अर्धं मी सांगितलं नाही. ते आता सांगतो. होडीतला माणूस उलटला, डोक्याला मार लागला, तर तो एकटा असतो. त्याचे हातपाय चालत नाहीत. त्याला उताणं ठेवायला हवा छातीवर लागते. ती बंडी निपचित पडलेल्या माणसासाठी आहे. तुमचा डबा हातपाय मारणाऱ्या लेकरासाठी आहे. ते पालथं राहिलं तरच हात मारायला शिकतं. आणि ते एकटं नसतं. तुमचा हात पोटाखाली असतो. माझी चूक ही की मी डबा नेला आणि तो हात इथं राहिला, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

तुमच्या विहिरीत एक तरी लेकरू बुडालं का? मी आठवून बघितलं. एकही नाही. मी पालथा होऊन तोंड पाण्यात गेलं तेव्हा मी घाबरलो नाही. दहा आकडे होईपर्यंत श्वास धरून पडून राहिलो. ते मला कुठल्या शिकलेल्या माणसानं शिकवलं नव्हतं.

सोबत एक अर्ज आहे. त्यात प्रशिक्षक म्हणून तुमचं नाव लिहिलंय. पात्रता या जागी मी लिहिलंय: "चौथी पास. वस्तीवरच्या सगळ्या मुलामुलींना विहिरीत पोहायला शिकवलं. एकही दगावलं नाही." अर्ज बघून तिथं कुणी हसेल. हसू द्या. या वेळी मी तिथंच उभा असेन. अर्ज परत आला तर पुन्हा हाच पाठवीन.

आणि काकू, ती शिरी काढा. आता थंडी आहे, लगेच कुणी उतरणार नाही, पण वाट मोकळी असू द्या. डबे माळ्यावरून खाली घ्या, झाकणं वाळली असतील, बघून घ्या. उन्हाळ्यात दादाच्या पोरीला शिकवा. मी सुट्टीत येतो आणि काठावर बसतो. शेवटच्या दिवशी झाकण ढिलं कराल तेव्हा मला खूण करा, तिचं तोंड मला बघायचंय.

अर्जावर निळ्या पेन्सिलीनं फुली केलीय, तिथं सही करा. रकाना लहान आहे. आडनाव बाहेर गेलं तरी जाऊ द्या.

तुमचा पुतण्या